उमेदवाराची योग्यता आणि विजयाची शक्यता

ठाणें मागें टाकून खाडीवरचा पूल ओलांडला कीं नाशिककडे जाणाऱ्या हमरस्त्यावर थोड्याच अवधींत मानकोली लागतें. भिवंडी तालुक्यांतील हें माझें गांव. माझ्या लहानपणीं गांवाच्या चहूंबाजूंना भाताचीं खाचरें होतीं. आज बहुतेक खाचरांच्या जागीं मालाचीं गोदामें उभीं आहेत, आणि नाक्यावरची मालमोटारींची रांग रात्रींदेखील खंडत नाहीं. याच नाक्यावरील एका चहाच्या दुकानांत २०२२ सालच्या जुलै महिन्यांत आम्ही चारपांच जण पाऊस उघडण्याची वाट पाहात बसलों होतों. वर्तमानपत्रांत राष्ट्रपतिपदाच्या दोन उमेदवारांचीं छायाचित्रें आलीं होतीं. एक श्रीमती द्रौपदी मुर्मू आणि दुसरे श्री. यशवंत सिन्हा. माझ्या शेजारीं बसलेल्या एका वृद्ध शेतकऱ्यानें तीं निरखून पाहिलीं आणि मला विचारलें, "मास्तर, या दोघांत अधिक लायक कोण ?" मी उत्तराची जुळवाजुळव करीत आहें तोंच पलीकडचा एक तरुण हंसून म्हणाला, "आजोबा, लायक कोण हें काय विचारतां ? निवडून कोण येणार तें विचारा. आणि तें तर आजच ठरल्यासारखें आहे."

पाऊस उघडला आणि आम्ही आपापल्या वाटेनें गेलों. परंतु त्या दोन प्रश्नांनीं माझी पाठ सोडली नाहीं. लायक कोण आणि निवडून कोण येणार, हे दोन प्रश्न एकच नव्हेत हें उघड आहे. पण त्यांपैकीं आधीं कोणता विचारावा, आणि एकाचें उत्तर दुसऱ्याच्या विरुद्ध गेलें तर काय करावें, हें तितकें उघड नाहीं. त्याचाच थोडा विचार आज मी आपल्यापुढें मांडणार आहें.

प्रथम हें पाहूं, कीं या निवडणुकींत मानकोलीच्या मतदाराचा संबंध येतो कोठें. आपल्या घटनेप्रमाणें राष्ट्रपतीची निवड जनता प्रत्यक्ष करीत नाहीं. संसदेच्या दोन्ही सभागृहांतील निर्वाचित सभासद आणि विधानसभांतील निर्वाचित सभासद मिळून जें मतदारमंडळ होतें, तें ही निवड करतें. म्हणजे भिवंडीच्या खासदाराला आणि आमच्या आमदाराला आम्हीं जें मत दिलें, तेंच पुढें राष्ट्रपतिभवनाच्या दारापर्यंत चालत जातें. आमदाराच्या मताचें मूल्य त्याच्या राज्याच्या लोकसंख्येवरून काढतात, आणि २०२२ सालच्या निवडणुकींतहि ती लोकसंख्या १९७१ सालच्या जनगणनेचीच धरलेली होती. त्या गणनेंत महाराष्ट्राची वस्ती सुमारें ५ कोटि ४ लाख भरली. तिला २८८ आमदारांनीं भागावें, आलेल्या आंकड्याला पुन्हां एक हजारानें भागावें, म्हणजे १७५ येतात. महाराष्ट्राच्या एका आमदाराचें मत म्हणजे अशीं १७५ मतें. उत्तर प्रदेशाच्या आमदाराचीं २०८, तर सिक्कीमच्या आमदाराचीं अवघीं ७. खासदाराच्या मताचें मूल्य त्या वर्षीं ७०० होतें.

मतदान गुप्त असतें. मतदार आपल्या पसंतीचा क्रम लिहितो : सर्वांत आवडत्या उमेदवारापुढें १, त्याच्या खालोखाल आवडणाऱ्यापुढें २, याप्रमाणें. कोणालाहि एकूण मूल्याच्या निम्म्याहून अधिक मतें मिळालीं नाहींत, तर सर्वांत मागें राहिलेल्या उमेदवाराला वगळतात आणि त्याच्या मतपत्रिकांवर पुढची पसंती ज्याच्या नांवें असेल त्याच्या पदरांत तीं मतें टाकतात. ही तरतूद श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावी. आपल्या विषयाशीं तिचा फार निकटचा संबंध आहे.

आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. राष्ट्रपतीला अनुभव असावा अशी अट घटनेंत कोठेंहि नाहीं. उमेदवार भारताचा नागरिक असावा, त्यानें वयाचीं ३५ वर्षें पुरीं केलेलीं असावीं, तो लोकसभेच्या सभासदत्वास पात्र असावा आणि सरकारी लाभाच्या पदावर नसावा, एवढेंच घटना सांगते. उलट पाठिंब्याची मात्र थोडी अट कायद्यानें पुढें घातली. १९७४ सालापासून उमेदवारी अर्जावर दहा सूचक आणि दहा अनुमोदक लागूं लागले. १९९७ सालापासून तेच पन्नास आणि पन्नास झाले. हौसेखातर अर्ज भरणाऱ्यांची गर्दी टाळावी हा हेतु, आणि तो योग्यच आहे. परंतु त्यावरून एवढें दिसतें कीं पाठिंब्याचें माप कायद्याला ठरवितां आलें, अनुभवाचें माप ठरवितां आलें नाहीं. तें त्यानें मतदाराच्या विवेकबुद्धीवर सोपविलें.

विजयाची शक्यता पाहणें यांत मुळांत कांहीं गैर आहे असें मी मानीत नाहीं. निवडणूक ही वक्तृत्वाची स्पर्धा नव्हे, कीं ज्यांत भाग घेतल्याचेंच समाधान मानावें. ज्याला कोणी मत देणार नाहीं अशा सत्पुरुषाला उभें करून आपण स्वतःला धन्य म्हणवून घेतलें, आणि तेवढ्यानें नको तो मनुष्य निवडून आला, तर त्या धन्यतेचा देशाला काय उपयोग ? "दगडापेक्षां वीट मऊ" ही म्हण आपल्या बायाबापड्यांनीं अनुभवानेंच बनविली आहे. शिवाय ज्याला अनेक पक्षांचे, अनेक प्रांतांचे आणि भाषांचे लोक मत देऊं शकतात, त्याच्या ठिकाणीं निदान एवढा तरी गुण असतो कीं तो पुष्कळांना परका वाटत नाहीं. राष्ट्रपति सर्व देशाचा असावयाचा असल्यामुळें हा गुण लहान नव्हे.

तरीहि या शक्यतेंत एक मोठी खोट आहे. अनुभव ही घडून गेलेली गोष्ट. ती तपासतां येते. विजयाची शक्यता म्हणजे दुसरे लोक काय करतील याविषयीं आपण बांधलेला अंदाज. आणि ते दुसरे लोकहि आपण काय करूं याचाच अंदाज बांधीत बसलेले असतात. असे सगळेच एकमेकांच्या तोंडाकडे पाहात राहिले, म्हणजे ज्याला मनापासून कोणीच निवडलें नाहीं तो सर्वांचा उमेदवार होऊन बसतो.

या प्रश्नावर सर्वांत अधिक प्रकाश पाडणारें उदाहरण १९६९ सालचें आहे, आणि त्यांतील एक उमेदवार मराठी होता म्हणून तें आपल्याला विशेष जवळचें. ३ मे १९६९ रोजीं राष्ट्रपति डॉ. झाकिर हुसेन हे अधिकारावर असतांनाच निधन पावले आणि उपराष्ट्रपति वराहगिरी वेंकट गिरी हे कार्यवाहक राष्ट्रपति झाले. काँग्रेस पक्षांत त्या वेळीं पंतप्रधान इंदिरा गांधी आणि पक्षाचे जुने नेते यांच्यांत तेढ वाढलेली होती. जुलै महिन्यांत बंगलोर येथें पक्षाच्या पार्लमेंटरी बोर्डाची बैठक झाली. इंदिराबाईंच्या मनांत जगजीवनराम यांचें नांव होतें. परंतु बोर्डाच्या बहुमतानें नीलम संजीव रेड्डी यांना उमेदवारी दिली, आणि त्या बहुमतांत आपले यशवंतराव चव्हाण हेहि होते. तेव्हां गिरींनीं आपल्या पदाचा राजीनामा देऊन स्वतंत्रपणें उभें राहण्याचें ठरविलें. स्वतंत्र पक्ष आणि भारतीय जनसंघ यांनीं तिसरें नांव पुढें केलें, तें चिंतामणराव देशमुख यांचें.

केवळ अनुभवाची यादी करावयाची तर देशमुखांची यादी वाचतांना दम लागावा. रायगडाच्या परिसरांतील नाते या गांवीं १८९६ सालीं त्यांचा जन्म झाला. १९१२ सालीं मॅट्रिकच्या परीक्षेंत पहिले येऊन संस्कृताची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ति त्यांनीं मिळविली. १९१८ सालीं लंडन येथें झालेल्या आय. सी. एस. च्या परीक्षेंतहि ते पहिले आले. १९४३ सालीं ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, आणि पुढच्याच वर्षीं ब्रेटन वुड्स येथील आर्थिक परिषदेंत भारतीय शिष्टमंडळाबरोबर बसले. १९५० ते १९५६ या काळांत ते भारताचे अर्थमंत्री होते. इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली आणि आयुर्विम्याचा धंदा राष्ट्राच्या मालकीचा झाला, तो याच कारकीर्दींत. पुढें विद्यापीठ अनुदान मंडळाचें अध्यक्षपद आणि दिल्ली विद्यापीठाचें कुलगुरुपद त्यांनीं सांभाळलें. आणि एवढ्या व्यापांतून कालिदासाचें मेघदूत मराठींत आणण्याइतकी रसिकताहि जपली.

परंतु अनुभवाचा तराजू केवळ देशमुखांच्याच बाजूला झुकत होता असें मात्र समजूं नये. गिरी हे मजुरांच्या चळवळींत वाढलेले; मद्रास इलाख्यांत आणि केंद्रांत मंत्री, सिलोनांत भारताचे हायकमिशनर, तीन प्रांतांचे राज्यपाल आणि शेवटीं उपराष्ट्रपति. रेड्डी हे आंध्र प्रदेशाचे पहिले मुख्यमंत्री, काँग्रेसचे माजी अध्यक्ष, केंद्रीय मंत्री आणि लोकसभेचे सभापति. तिघांपैकीं एकहि मनुष्य अननुभवी नव्हता.

आणि या तिघांच्या चरित्रांत एक विलक्षण साम्य आहे. तिघांनींहि कधीं ना कधीं अधिकाराची खुर्ची आपण होऊन सोडलेली होती. बँक नोकरांच्या संबंधांतील एका निवाड्यांत सरकारनें फेरफार केला, तो न पटून मजूरमंत्री गिरींनीं १९५४ सालीं राजीनामा दिला. त्या वेळीं अर्थमंत्री होते तेच चिंतामणराव देशमुख! दोन वर्षांनीं देशमुखांवरहि तोच प्रसंग आला. मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवण्याचें धोरण आणि मुंबईंत झालेला गोळीबार त्यांच्या मनाला पटेना. ते १९५२ सालीं कुलाबा मतदारसंघांतून लोकसभेवर निवडून गेलेले होते. १९५६ सालीं त्यांनीं अर्थमंत्रिपद सोडलें आणि आपलें म्हणणें लोकसभेंत उभे राहून स्पष्टपणें सांगितलें. रेड्डींनीं १९६४ सालीं, मोटारवाहतुकीच्या एका प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रांत प्रतिकूल मजकूर आला एवढ्यावरून, मुख्यमंत्रिपद सोडलें. श्रोतेहो, हा अनुभव नोकरीच्या वर्षांत मोजला जात नाहीं. परंतु माझ्या मतें राष्ट्रपतीच्या बाबतींत तोच सर्वांत मोलाचा. तो कां, हें पुढें सांगतों.

देशमुख तिसरे येणार हें त्यांच्या पाठीराख्यांनाहि ठाऊक असलें पाहिजे. कारण दोन्ही पक्षांचें संख्याबळच तेवढें होतें. म्हणूनच काँग्रेसचे अध्यक्ष निजलिंगप्पा यांनीं त्या पक्षांच्या नेत्यांची भेट घेऊन, त्यांनीं दुसरी पसंती तरी रेड्डींना द्यावी, अशी खटपट केली. रेड्डींच्या विजयाची शक्यता वाढावी म्हणून केलेली ही खटपट त्यांच्याच अंगाशीं आली. या भेटीचा बोभाटा झाला, रेड्डींविषयीं संशय उत्पन्न करण्यांत आला, आणि काँग्रेसच्या सभासदांनीं सदसद्विवेकबुद्धीला स्मरून मत द्यावें असें आवाहन पंतप्रधानांच्या बाजूनें निघालें. १६ ऑगस्टला मतदान झालें आणि २० ऑगस्टला निकाल लागला.

पहिल्या पसंतीचीं मतें गिरींना ४,०१,५१५ मिळालीं, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९. विजयाला ४,१८,१६९ मतें हवीं होतीं. तेवढीं कोणालाच मिळालेलीं नसल्यामुळें मागें राहिलेल्यांच्या पत्रिकांवरील पुढची पसंती मोजावी लागली. राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकींत असें पहिल्यानेंच घडलें. शेवटीं गिरी ४,२०,०७७ आणि रेड्डी ४,०५,४२७ असा निकाल झाला. या हिशेबाकडे जरा बारकाईनें पाहूं. देशमुख आणि इतर किरकोळ उमेदवार वगळले गेल्यावर रेड्डींच्या मतांत ९१,८७९ ची भर पडली, गिरींच्या मतांत १८,५६२ ची. सुमारें १०,८०० मतें दोघांपैकीं कोणाच्याच पदरांत पडलीं नाहींत. तीं सगळीं रेड्डींना मिळालीं असतीं तरी गिरींचाच विजय झाला असता.

यावरून मला दोन गोष्टी दिसतात. देशमुखांना मत देणाऱ्यानें आपलें मत पाण्यांत टाकलें, किंवा देशमुख मध्यें पडल्यामुळें दुसऱ्याचें नुकसान झालें, असें म्हणण्याला आंकड्यांचा आधार नाहीं. त्यांच्या मतदारांपैकीं बहुतेकांनीं आधीं आपली श्रद्धा नोंदविली आणि मग आपला व्यवहार पाहिला. मतपत्रिकेवर १ आणि २ असे दोन आंकडे लिहिण्याची सोय घटनाकारांनीं ठेवली आहे, ती याचसाठीं उपयोगी पडते. पहिला आंकडा योग्यतेचा, दुसरा शक्यतेचा. हा क्रम उलटा करण्याचें कारणच ती सोय ठेवीत नाहीं.

दुसरी गोष्ट विजयाच्या शक्यतेविषयींची. बंगलोरच्या बैठकींत रेड्डींची निवड जवळ जवळ निश्चित मानली गेली होती, कारण पक्षाचें बहुमत त्यांच्या मागें होतें. महिन्याभरांत ती शक्यता वितळून गेली. आणि आठच वर्षांनीं, १९७७ सालीं, तेच रेड्डी बिनविरोध राष्ट्रपति झाले! दरम्यान त्यांच्या गुणांत काय फरक पडला होता ? फरक पडला होता तो हवेंत. हवेच्या रोखानें शीड उभारावें हें खरें. पण हवा पाहून कोणी गलबत विकत घेत नाहीं.

आतां अनुभवाकडे वळूं. कारण अनुभव हाहि शब्द वाटतो तितका सरळ नाहीं. कोणत्या कामाचा अनुभव, हें आधीं विचारलें पाहिजे. राष्ट्रपतीचें स्थान इंग्लंडच्या राजासारखें आहे, तो राष्ट्राचा प्रतिनिधि आहे पण राज्यकर्ता नाहीं, असें डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं १९४८ सालीं घटनासमितींत स्पष्ट केलें होतें. त्याला अंदाजपत्रक करावयाचें नाहीं, कीं धरणें बांधावयाचीं नाहींत. मंत्रिमंडळ सल्ला देतें आणि त्याप्रमाणें तो सही करतो. तेव्हां खातीं चालविण्याचा अनुभव त्याला कामाचा खरा, पण दुय्यम. वर्षाचे तीनशें चौसष्ट दिवस त्याची सही हा उपचार असतो. एखादा दिवस मात्र असा उगवतो कीं त्या दिवशीं लेखणी उचलण्यापूर्वीं त्यानें एक प्रश्न विचारावा यावर सर्व देशाचें बरेंवाईट अवलंबून राहतें.

असा दिवस, किंबहुना अशी रात्र, २५ जून १९७५ ची. आणीबाणीच्या जाहीरनाम्यावर राष्ट्रपति फक्रुद्दीन अली अहमद यांनीं त्या रात्रीं सही केली. मंत्रिमंडळाची बैठक झाली ती दुसऱ्या दिवशीं सकाळीं. अहमद अननुभवी नव्हते. केंद्रांत त्यांनीं अनेक वर्षें मंत्रिपद भूषविलें होतें. त्यांच्या विजयाविषयींहि कोणाला शंका नव्हती; १९७४ सालीं ते फार मोठ्या बहुमतानें निवडून आले होते. म्हणजे आपलीं दोन्ही मापें काठोकाठ भरलेलीं होतीं. तरीहि, मंत्रिमंडळानें हें ठरविलें आहे काय, एवढें विचारून सकाळपर्यंत थांबणें त्या रात्रीं घडलें नाहीं. देशानें त्याची किंमत किती मोजली हें निराळें सांगावयास नको. पुढें १९७८ सालच्या ४४ व्या घटनादुरुस्तीनें, मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळविल्यावांचून आणीबाणी पुकारतां येऊं नये असें ठरलें, आणि मंत्रिमंडळाचा सल्ला एकदां फेरविचारासाठीं परत पाठविण्याचा अधिकार राष्ट्रपतीला मिळाला. तो अधिकार १९९७ सालीं कोचेरील रामन नारायणन यांनीं वापरला. उत्तर प्रदेशांत राष्ट्रपतिराजवट लावण्याची शिफारस त्यांनीं परत पाठविली आणि मंत्रिमंडळानें ती सोडून दिली. हे नारायणनहि ९५ टक्क्यांच्या आसपास मतें घेऊन निवडून आलेले होते. म्हणजे मोठें बहुमत असलें म्हणजे मनुष्य मिंधा होतो असेंहि नाहीं, आणि कणखर होतो असेंहि नाहीं. बहुमत त्या गुणाविषयीं मुकें आहे.

एक गोष्ट आपल्या मराठीपणाचीहि सांगितली पाहिजे. १९६९ सालीं देशमुख मराठी म्हणून महाराष्ट्रांतील मतें पक्षभेद विसरून त्यांच्या मागें गेलीं नाहींत. २००७ सालीं मात्र प्रतिभाताई पाटील उभ्या राहिल्या तेव्हां शिवसेनेनें आपल्या आघाडीचा उमेदवार बाजूला ठेवून, मराठी व्यक्तीला मान मिळावा म्हणून, त्यांना पाठिंबा दिला. त्यांचा अनुभव थोडा नव्हता. १९६२ सालीं त्या जळगांवांतून विधानसभेवर गेल्या. पुढें राज्यांत मंत्री, राज्यसभेच्या उपसभापति, अमरावतीच्या खासदार आणि राजस्थानच्या राज्यपाल झाल्या. ६,३८,११६ विरुद्ध ३,३१,३०६ अशा मतांनीं त्या निवडून आल्या, आणि देशाला पहिली स्त्री राष्ट्रपति मिळाली. याचा आनंद मलाहि झाला, आणि तो मी लपवीत नाहीं. परंतु आपल्याच माणसाच्या बाबतींत "आपला आहे" एवढ्या उत्तरानें आपलें समाधान लवकर होतें, हाहि अनुभव आहे. आपलेपणा हा विजयाच्या शक्यतेचाच एक प्रकार आहे. तो योग्यतेचा पुरावा नव्हे. ज्याला योग्यता आहे त्याच्या पाठीशीं आपलेपणा उभा राहिला तर तो शोभतो.

श्रोत्यांपैकीं कोणी म्हणेल, दिल्लीच्या या गोष्टी आम्हांला काय करावयाच्या ? म्हणून गांवाकडची एक गोष्ट सांगून हें भाषण पुरें करतों. आमच्या भागांतील एका गांवांत, त्याचें नांव सांगत नाहीं, सरपंचपदासाठीं दोन नांवें निघालीं होतीं. एक गृहस्थ सातबाऱ्यापासून पंचायतीच्या दप्तरापर्यंत सर्व कागद जाणणारा, तोंडानें थोडा फटकळ. दुसरा गोड बोलणारा आणि भाऊबंदांची मोठी संख्या पाठीशीं असलेला. "पहिला चांगला आहे, पण त्याला मतें पडणार नाहींत," असें जो तो म्हणूं लागला. मींहि तेंच म्हटलें. गंमत अशी, कीं निवडणूक झाल्यावर विचारपूस केली तेव्हां निम्म्याहून अधिक लोकांच्या मनांत पहिलाच होता! दुसरा निवडून आला. वर्षभरानें ओढ्याच्या कांठीं एका गोदामासाठीं भराव घालावयाचा होता; त्याला पंचायतीचा ना-हरकत दाखला हवा होता. सरपंच वाईट माणूस नव्हता, पण समोरच्याला "नाहीं" म्हणण्याची त्याला कधीं संवयच नव्हती. त्यानें दाखल्यावर सही केली. त्या पावसाळ्यांत ओढ्याचें पाणी वळलें आणि खालच्या अंगाच्या शेतांत शिरलें. त्या शेतांत भाताचीं रोपें दोनदां लावावीं लागलीं, आणि तीं कुजलेलीं पाहून कोणी कोणाला दोष देण्याच्या स्थितींत राहिलें नव्हतें.

पिंडीं तें ब्रह्मांडीं म्हणतात. पंचायतीचा दाखला आणि राष्ट्राचा जाहीरनामा यांत अंतर मोठें खरें. पण दोहोंच्या खालीं एका माणसाची सही लागते. तेव्हां उमेदवार पारखतांना त्यानें किती पदें भूषविलीं हें विचारावें, परंतु तेवढ्यावर थांबूं नये. सही करण्याचा आग्रह झाला असतां त्यानें पूर्वीं कधीं लेखणी खालीं ठेवली होती काय, पद आणि मन यांची गांठ सुटली तेव्हां त्यानें काय सोडलें आणि काय धरून ठेवलें, हें विचारावें. या कसोटीला जे उतरतील त्यांच्यांतून मग ज्याला मतें पडण्यासारखीं असतील तो खुशाल निवडावा. शक्यतेचा प्रश्न दुसरा विचारला म्हणजे तो शहाणपणाचा असतो. तोच पहिला विचारला म्हणजे दुसरा प्रश्न विचारण्याची वेळच येत नाहीं.

आणि हें काम केवळ आमदार-खासदारांचें आहे असें समजून आपण मोकळें होऊं नये. आडांत नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार ? आमदार निवडतांना आपण जर केवळ "येणार कोण" एवढेंच पाहिलें, तर त्या आमदारानें राष्ट्रपति निवडतांना त्याहून निराळें कांहीं पाहावें अशी अपेक्षा कोणत्या तोंडानें करावी ?

त्या पावसांत वृद्ध शेतकऱ्याला उत्तर द्यावयाचें राहून गेलें होतें. आज मी त्याला असें सांगेन : बाबा, तुमचा प्रश्न बरोबर होता आणि तो आधीं विचारण्याचाच होता. त्या दोन उमेदवारांपैकीं एक अर्थमंत्री आणि परराष्ट्रमंत्री होऊन गेलेले होते. दुसऱ्या रायरंगपूरच्या नगरपंचायतीपासून चढत चढत झारखंडच्या राज्यपाल झालेल्या होत्या, आणि २०१७ सालीं आदिवासींच्या जमिनींविषयींच्या कायद्यांत बदल करणारीं विधेयकें त्यांनीं सही न करतां सरकारकडे परत पाठविलीं होतीं. दोघांचीहि पारख करण्याजोगी सामग्री सर्वांपुढें होती. श्रीमती मुर्मू ६,७६,८०३ विरुद्ध ३,८०,१७७ मतांनीं निवडून आल्या आणि त्या तरुणाचा अंदाज खरा ठरला. त्याबद्दल मी त्याला शाबासकी देईन. पण त्याला एवढें विचारल्यावांचून राहणार नाहीं, कीं बाळ, निकाल तर तुला आधींच ठाऊक होता. तुझ्या हातीं मतपत्रिका असती तर पहिला आंकडा तूं कोणापुढें लिहिला असतास, आणि कां?